ओल भिंतीत, रंग वरून

पावसाळा सरला की घरोघरी रंगाऱ्याला बोलावणं जातं. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात मारायचे. पुढच्या वर्षी पोपडे त्याच जागी. दोष बहुधा रंगाचा नसतो.

विटेत आणि गिलाव्यात केसाहून बारीक छिद्रं असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं, साधारण मीटरभर. पाण्यासोबत विरघळलेले क्षारही येतात. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक छिद्रांतच वाढतात आणि गिलावा आतून फोडतात. हाच लोणा. अशा भिंतीला ऑइलपेंट लावणं मला घातकच वाटतं: बाहेर पडायची वाट बंद झाली की ओल आणखी वर सरकते. चुन्याचा गिलावा निदान वाफ बाहेर जाऊ देतो.

म्हणून आधी ओल कुठली ते शोधा. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, दोनेक दिवस ठेवा. थेंब मागच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलं. पुढे आले तर खोलीतली दमट हवा, तिला खिडकी उघडणं पुरतं. छताजवळचा डाग असेल तर गच्ची किंवा वरचं न्हाणीघर तपासा.

लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. आणि भिंत पुरती वाळेपर्यंत रंगाऱ्याला थांबवा, दिवाळी तोंडावर आली असली तरी.