दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

घरी मन लावून संगीत ऐकणाऱ्या रसिकाचा सारा विचार बहुधा स्पीकरच्या खरेदीपाशी येऊन थांबतो. वास्तविक लहान खोलीत, विशेषतः खालच्या सप्तकातील स्वरांच्या बाबतीत, कानावर जे पडते त्यात स्पीकरइतकाच वाटा खोलीचाही असतो. म्हणून महागडी जोडी भलत्या जागी ठेवण्यापेक्षा बेताची जोडी योग्य जागी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर ठरते.

याचे कारण ध्वनीच्या तरंगलांबीत आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर अंतर कापतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपने असलेल्या स्वराचा एक तरंग जवळपास ७ मीटर लांब असतो आणि शहरी सदनिकेतील खोलीत तो मावतच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ज्या स्वराच्या तरंगलांबीच्या निम्मे भरते, तो स्वर त्या भिंतींमध्ये ये-जा करताना स्वतःवरच चढत जातो. यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीत असे पहिले अनुनाद अनुक्रमे सुमारे ४७, ५७ आणि ६३ हर्ट्झवर येतात आणि निदान विखुरलेले तरी राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत मात्र लांबी आणि रुंदी या दोहोंचे अनुनाद ५७ हर्ट्झवर एकत्र येतात, आणि जुन्या इमारतीत छतही दहा फुटांवर असेल तर त्यात उंचीचीही भर पडते. बास गिटारची एक मोकळी तार ५५ हर्ट्झची असते. अशा खोलीत ती तार थांबली तरी खोली घुमतच राहते.

म्हणून लहान खोलीसाठी स्पीकर निवडताना तो किती खोल उतरतो यापेक्षा किती संयमाने उतरतो हे पाहावे. बंद पेटीच्या स्पीकरमध्ये वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा पडदा, हवाबंद पेटीत बसवलेला असतो आणि त्याचा आवाज ठरावीक मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबल इतका उतरत जातो. छिद्राच्या पेटीत छिद्रातील हवेच्या साहाय्याने स्पीकर अधिक खोल जातो खरा, परंतु त्याखाली दर सप्तकाला २४ डेसिबल इतका कोसळतो. लहान खोली खालच्या स्वरांना स्वतःच टेकू देत असल्यामुळे पहिला सौम्य उतार तिच्याशी चांगला जुळतो, तर दुसऱ्या प्रकारात आवाज सहज फुगतो.

या विचाराचा उत्तम दाखला म्हणजे बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात सिद्ध केलेला ‘एलएस३/५ए’ हा स्पीकर. बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये तंत्रज्ञांना अत्यल्प जागेत आवाज पारखावा लागत असे, आणि त्यांच्यासाठी जेमतेम फूटभर उंचीची, सुमारे पाच लिटर आकारमानाची बंद पेटी तयार झाली. तिच्या बर्च प्लायवूडच्या पातळ भिंतींना आतून कंपने शोषणारे अस्तर होते, केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा टी२७ ट्वीटर होता. या स्पीकरने अतिखोल स्वरांचा हव्यास धरला नाही, मानवी आवाज खरा वाटावा याकडे सारे लक्ष दिले, आणि ती निवड इतकी अचूक ठरली की परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी तो दीर्घकाळ बनवला. गायन ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्याने या परंपरेतील लहान बंद पेट्यांचा विचार सर्वांआधी करावा.

जागा ठरवताना इंचांनाही मोल येते. खालचे स्वर स्पीकरमधून केवळ पुढे न जाता चहूबाजूंना पसरतात, आणि मागच्या भिंतीवर आदळून परतलेला तरंग थेट तरंगाला नेमक्या उलट टप्प्यात भेटला तर दोघे एकमेकांना खोडतात. वूफर आणि भिंत यांतील अंतर तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते तेव्हा असे घडते. वूफर मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असेल तर हा खड्डा १४२ हर्ट्झच्या आसपास पडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे ज्या स्वरावर सारे गाणे उभे आहे, तोच स्वर दुबळा होतो आणि दोष मात्र स्पीकरच्या माथी मारला जातो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांपासून वूफरची अंतरे एकसारखी असली तर हे खड्डे एकाच स्वरावर साचतात, म्हणून ती वेगवेगळी ठेवावीत. भिंतीला अगदी लगटून ठेवल्यास खालचे स्वर जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत वाढतात आणि कोपऱ्यात त्याहूनही अधिक, म्हणून कोपरा टाळावाच.

बारा फुटी खोलीत स्पीकर दहा फुटी भिंतीकडे, एकमेकांपासून साधारण साडेपाच फुटांवर ठेवावेत आणि श्रोत्याने प्रत्येकापासून तितक्याच किंवा किंचित अधिक अंतरावर बसावे. खोलीच्या ऐन मध्यावर लांबीचा पहिला अनुनाद जवळजवळ ऐकूच येत नाही, मागच्या भिंतीला टेकून बसल्यास तो अंगावर येतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या सुमारास त्याचा समतोल बरा सापडतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा, आणि बैठक मारून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असल्यामुळे खुर्चीसाठी बनवलेले स्टँड त्याला उंच पडतात.

बाजूच्या भिंतींवरून पहिल्यांदा परतणारा आवाज कोठून येतो हे आरशाने कळते: दुसऱ्या माणसाने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा आणि बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसेल तेथे पुस्तकांची मांडणी किंवा जाड पडदा लावावा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत सतरंजीनेही फरक पडतो, परंतु तो वरच्या स्वरांपुरताच. खोल स्वरांवर पडदे आणि सतरंज्या जवळजवळ निरुपयोगी असतात, तेथे कोपऱ्यात रचलेली कापसाच्या गाद्यांची थप्पी अधिक उपयोगी पडते.

विक्रेत्याच्या प्रशस्त दालनात ऐकून व्यवहार पक्का करू नये. जोडी चार दिवस घरी मागून आणावी, ओळखीचे एकच ध्वनिमुद्रण लावून ती एका वेळी तीन-चार इंच सरकवत ऐकावी, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात, आणि खालचे स्वर कोठेच सावरत नसतील तर ती जोडी कितीही नावाजलेली असली तरी परत करावी.