लॅपटॉपच्या झिणझिण्या आणि घरातील अर्थिंग

शाळा-कॉलेजचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, स्पर्धा परीक्षेची तयारी यांसाठी आता आपल्या वस्त्यांतही लॅपटॉप आले आहेत. बहुतेकांनी ते पोटाला चिमटा घेऊन, हप्त्यावर किंवा जुने विकत घेतलेले असतात. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या की घरात दोन मते होतात. आई म्हणते, "बंद कर ते, जीव जाईल." मुलगा म्हणतो, "काही होत नाही गं." दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. चार्जर तिचे सुमारे २० व्होल्ट करतो. रेडिओ-टीव्हीला खरखर होऊ नये म्हणून चार्जरमध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या पत्र्यापर्यंत येतो. चार्जर तीन पिनांचा आणि अर्थिंग चांगले असेल तर तो जमिनीत निघून जातो. नसेल तर आपल्या अंगातून वाट काढतो. पाय ओले असले की जास्त जाणवतो.

चांगल्या चार्जरचा हा प्रवाह एक मिलिॲम्पिअरही नसतो. सुमारे दहाच्या पुढे हाताची पकड सुटत नाही, तीसच्या पुढे हृदयाला धोका असतो. म्हणजे या झिणझिण्यांनी माणूस दगावत नाही. मात्र स्वस्त नकली चार्जर, सोललेली वायर किंवा जोराचा झटका असेल तर तो चार्जर पुन्हा लावू नये.

खरा धोका पुढे आहे. तीन पिनांचा चार्जर असूनही झिणझिण्या येत असतील, तर बोर्डात अर्थिंग नसण्याची दाट शक्यता असते. त्याच बोर्डावर इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर चालते. त्यांच्या पत्र्याला आतली फेज वायर चिकटली, तर तेथे कंडेन्सरचा अडसर नसतो. पूर्ण २३० व्होल्ट हाताला लागतात. गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात भिंती ओलावतात, जमीन पाझरते. तेथे ही चूक जिवावर बेतते.

म्हणून एवढे करा. तिसरी पिन तोडू नका. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी जोडला जातो. अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. कोळसा-मिठातले मीठ पावसाने हळूहळू वाहून जाते आणि उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते. तेव्हा खड्ड्यात पाणी घालावे. काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. असे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर प्रत्येक उपकरणाचा पत्रा फेज होतो. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्या. मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जमिनीत गळू लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो.

कोणाला विजेने धरलेच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

मुलांच्या शिक्षणासाठी आपण लॅपटॉपचे हप्ते भरतो. अर्थिंगचा खर्चही त्याच हिशोबात धरावा. शिकणारे मूल सुरक्षित राहिले, तरच त्या शिक्षणाला अर्थ आहे.