क्रॉसिंगला थांबलेला संगणक

परभणी-परळी या एकेरी मार्गावर ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना 'क्रॉसिंग' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. समोरून गाडी येणार असली, की आपली गाडी पोखर्णीला बाजूच्या रुळावर उभी राहते. समोरची निघून गेली, की सिग्नल पडतो आणि आपण गंगाखेडकडे निघतो. सिग्नल 'पडला' असं आपण आजही म्हणतो, कारण जुन्या खांबावरचा आडवा हात खरोखरच खाली पडायचा. त्या हाताच्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात. १९६०च्या दशकात नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांना संगणकातल्या कामांना पाळीपाळीने वाट द्यायची होती. त्यांनी त्यासाठी एक युक्ती शोधली आणि तिला रेल्वेचंच हे नाव दिलं.

आता अशी कल्पना करा, की पोखर्णीचे सगळे रूळ गंगाखेडला जाणाऱ्या गाड्यांनी भरले आहेत आणि गंगाखेडचे सगळे रूळ पोखर्णीकडे येणाऱ्या गाड्यांनी. दोन्हीकडे एकही रूळ मोकळा नाही, त्यामुळे कोणालाच सोडता येत नाही. सगळे चालक नियम पाळत आहेत आणि तरीही सगळे अडकले आहेत. म्हणूनच रेल्वेचे नियंत्रक पुढच्या स्थानकात जागा आहे का, हे पाहूनच गाडी पुढे काढतात. संगणक 'हँग' होतो, तेव्हा अनेकदा आत हेच घडलेलं असतं. पंखा फिरत असतो, दिवा जळत असतो, पण पडदा गोठलेला असतो. डाइकस्ट्रा यांनी १९६५ साली या अवस्थेला 'जीवघेणी मिठी' अशा अर्थाचं नाव दिलं.

गाभे वाढले, कुलपंही वाढली

आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ गाभे, म्हणजे कोअर, एकाच वेळी काम करतात. मेमरी मात्र सगळ्यांची सामाईक. एकाच यादीत दोन गाभ्यांनी एकदम लिहिलं, तर माहितीचा चुथडा होईल. म्हणून प्रत्येक सामाईक वस्तूला कुलूप असतं. ज्याने ते घेतलं त्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं.

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या १९९६ साली आलेल्या २.० आवृत्तीने अनेक प्रोसेसरांना आधार दिला, तेव्हा प्रणालीच्या मुख्य भागाला, म्हणजे कर्नलला, मुख्यतः एकच मोठं कुलूप होतं. ते सुरक्षित होतं, पण एक गाभा आत गेला की दुसरा दारात. वेग वाढवायचा म्हणून पुढे त्याची शेकडो लहान कुलपं झाली आणि ते मोठं कुलूप २०११ साली पूर्णपणे काढून टाकलं गेलं. धोका शिरला तो इथेच. पहिल्या गाभ्याने 'अ' कुलूप घेतलं आणि त्याला 'ब' हवं आहे. दुसऱ्याने 'ब' घेतलं आणि त्याला 'अ' हवं आहे. दोघेही वाट पाहत जागच्या जागी फिरत राहतात.

मेमरी सामाईक नसली, तरी ही अडचण सुटत नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या परम ८००० या महासंगणकात प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवत. अशा यंत्रातही दोघे एकमेकांच्या निरोपासाठी थांबले, तर काम तिथेच थांबतं.

कोण कोणासाठी थांबलंय?

निदान सुरू होतं ते साध्या परीक्षेने. कॅप्स लॉकची कळ दाबा. दिवा लागत-विझत असेल, तर प्रणाली अजून ऐकते आहे. अडकलंय ते बहुधा एखाद्या प्रोग्रामचं किंवा पडद्याचं काम. दिवाही हलत नसेल, तर दुखणं खोल आहे.

लिनक्समध्ये यासाठी एक राखणदार बसवलेला असतो: वॉचडॉग. प्रत्येक गाभ्याने ठराविक वेळाने हजेरी द्यायची. साधारण २० सेकंद एखादा गाभा दुसऱ्या कामांना पाळीच देत नसेल, तर तो 'सॉफ्ट लॉकअप'. घड्याळाचे ठोकेही त्याच्यापर्यंत पोचत नसतील, तर साधारण १० सेकंदांनंतर कोणालाही थोपवता न येणारी एक हाक त्याला दिली जाते. हा 'हार्ड लॉकअप'. मग अडकलेला गाभा (आणि तशी सोय चालू केली असेल, तर बाकीचे गाभेही) कुठल्या ओळीवर उभा होता, याचा पंचनामा नोंदवहीत उतरतो. सगळ्या गाभ्यांचे पंचनामे शेजारी-शेजारी ठेवून वाचले, की कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवं आहे ते दिसतं. वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्याशी आली, की गुन्हेगार सापडला.

दर वेळी पंचनामा त्याच ओळीवर थांबत असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा. दर वेळी नवीच जागा निघत असेल, तर मेमरीची पट्टी, वीजपुरवठा किंवा उष्णता तपासावी. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या परभणीत धुळीने भरलेला पंखा हे कारण मुळीच क्षुल्लक नाही.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो २००६ साली इंगो मोल्नार यांनी लिनक्समध्ये आणलेला 'लॉकडेप' हा तपासनीस. कोणतं कुलूप कोणत्या कुलपानंतर घेतलं, याची तो वही ठेवतो. एकदा 'अ' मग 'ब' आणि पुन्हा कधीतरी 'ब' मग 'अ' असं दिसलं, की तो लगेच इशारा देतो. त्यासाठी यंत्र प्रत्यक्ष हँग व्हावं लागत नाही. उपायही त्या वहीतच असतो: सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमाने घ्यायची, म्हणजे साखळीला फिरून यायला वाटच उरत नाही.

आपण मात्र बटण दाबून यंत्र बंद करतो आणि मेमरीतला सगळा पुरावा पुसून टाकतो. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढी एक सवय जरूर लावावी. यंत्र गोठलं, की आधी वेळ लिहा, कोणतं काम चालू होतं ते लिहा, दिवा पाहा. पुन्हा सुरू झालं, की नोंदवही उघडून शेवटच्या ओळी वाचा. गाडी का थांबली, ते कळलं तरच ती पुन्हा तिथे थांबणार नाही याची सोय करता येते.