सारेच पायाळू!

गेल्या मे महिन्यात आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो. सकाळी डॉल्फिन पाहायला होडीने निघालो. एक राखी पाठ पाण्यावर उसळली आणि तिला बिलगून एक इवलीशी. सासूबाईंनी हात जोडले. मग त्यांनी मला विचारले, "अगं, हा मासा नव्हे म्हणतेस, तर पिल्लू दूध पितं कुठून? आचळं तर कुठं दिसत नाहीत!"

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. 'सस्तन' हा बहुव्रीही समास फळ्यावर कितीदा तरी सोडवला आहे. पण होडीत दीर होते, होडीवाला होता. मी चटकन विषय बदलला. घरी परतल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली. प्राणिशास्त्राच्या बाईंकडून पुस्तके आणली आणि वाचायला बसले.

डॉल्फिनच्या मादीच्या पोटाखाली, शेपटीकडे, जननमार्गाची उभी चीर असते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक लहान चीर. आचळे त्यांत दडलेली. पिल्लू जिभेची पन्हळ करते आणि आई स्नायू आवळून दाट दुधाची धार सोडते. अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवले होते! डुगाँग या समुद्रगाईची आचळे मात्र पुढच्या वल्ह्यांच्या काखेत असतात.

गर्भाशयाला दोन शिंगे. गर्भ बहुधा डावीकडच्या शिंगात, सुमारे बारा महिने वाढतो. योनिमार्गात मांसल घड्या असतात. त्यांची जातवार तपासणी करणारे डारा ऑर्बाक यांचे संशोधन प्रसिद्ध झाले ते थेट २०१७ साली. त्या घड्यांचे प्रयोजन काय, यावर अजून वाद चालू आहे. मादीच्या देहाकडे पाहायला विद्वानांनाही माझ्यासारखाच संकोच वाटत होता की काय, कोण जाणे!

श्रावणातल्या एका दुपारी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मी हे सारे त्यांना सांगितले. "आणि आई, पिल्लू बहुतेक वेळा शेपटीकडून जन्मतं. मग लगेच वर येऊन पहिला श्वास घेतं."

त्यांचा हात थांबला.

"म्हणजे सारेच पायाळू!" त्या हळूच म्हणाल्या, "याच्या वेळी मी दोन रात्री अडले होते गं. हाही पायाळूच. सुईणीनं आशा सोडली होती."

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण आमच्या घरी ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते.

"मग ती कशी सुटते?" त्यांनी विचारले.

"आपल्या कमरेला हाडांचं कडं असतं ना, ते तिला नाही. नुसती दोन लहान हाडं मांसात रुतलेली. पिल्लाची शेपटी आणि पर जन्मताना मऊ, दुमडलेले असतात."

"सुखी आहे बाई!" म्हणून त्यांनी पुढची वात घेतली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला होडीत काही विचारलं, तर विषय बदलू नकोस हो."