मिथेन क्रमांक

मिथेन क्रमांक हा वायुरूप इंधनाची नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता दर्शविणारा निर्देशांक आहे. पेट्रोलच्या संदर्भात ऑक्टेन क्रमांकाचे जे स्थान आहे, तेच नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनांच्या संदर्भात मिथेन क्रमांकाचे आहे. या मोजपट्टीवर शुद्ध मिथेनला १०० आणि शुद्ध हायड्रोजनला ० हे मूल्य दिलेले आहे. एखाद्या वायूचा मिथेन क्रमांक ८० असणे म्हणजे, चाचणी इंजिनात त्याचे वर्तन आकारमानाने ८० टक्के मिथेन व २० टक्के हायड्रोजन असलेल्या मिश्रणासारखे असणे. ही पद्धत १९७० च्या सुमारास ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील एव्हीएल या संस्थेत विकसित झाली. मिथेनचा ऑक्टेन क्रमांक सुमारे १२० असल्यामुळे पेट्रोलसाठी आखलेली मोजपट्टी येथे सोयीची ठरत नाही.

इंधनाची घडण

नैसर्गिक वायू हा एकच पदार्थ नसून ते एक मिश्रण आहे. त्यात मिथेनचे प्रमाण सर्वाधिक असते. त्याखेरीज ईथेन, प्रोपेन, ब्युटेन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे घटक कमीअधिक असतात. हे प्रमाण वायुक्षेत्रानुसार व शुद्धीकरणानुसार बदलते. बॉम्बे हाय येथून येणाऱ्या वायूतून उरण येथील प्रकल्पात एलपीजी, तसेच ईथेन व प्रोपेन वेगळे काढले जातात. असा वायू मूळ वायूपेक्षा 'हलका' होतो आणि त्याचा मिथेन क्रमांक वाढतो.

जड हायड्रोकार्बनांचा प्रभाव त्यांच्या प्रमाणाच्या मानाने फार मोठा असतो. ईथेनचा मिथेन क्रमांक सुमारे ४४, प्रोपेनचा सुमारे ३४ आणि नॉर्मल ब्युटेनचा केवळ १० च्या आसपास आहे. त्यामुळे एखाद्या वायूत ९० टक्के मिथेन आहे एवढ्या माहितीवरून इंजिनाविषयी फारसे सांगता येत नाही; उरलेल्या १० टक्क्यांत काय आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.

ज्वलनाशी संबंध

ठिणगीने पेटणाऱ्या इंजिनात ज्वाला ठिणगी-प्लगपासून पसरत जाते. तिच्यापुढील न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच हे मिश्रण आपोआप पेटले, तर दाबलहरी निर्माण होऊन धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग होय. ते चालू राहिल्यास दट्ट्या व सिलिंडर-शीर्ष यांची हानी होते.

मिथेनच्या रेणूत कार्बन-कार्बन बंध नसतो आणि त्याचे चारही कार्बन-हायड्रोजन बंध बळकट असतात. त्यापासून बनणारा मिथिल मूलक तुलनेने कमी क्रियाशील असतो. दोन मिथिल मूलक एकत्र येऊन ईथेन बनते व साखळी-अभिक्रिया मंदावते. प्रोपेन व ब्युटेन यांच्या रेणूंतून हायड्रोजन सहज निघतो. शिवाय कमी तापमानालाच त्यांची पेरॉक्साइडे तयार होऊन नवे मूलक वेगाने वाढतात. म्हणून त्यांची थोडी भरही स्वयंप्रज्वलन लवकर घडवून आणते.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम उलट असतो. तो उष्णता शोषून मिश्रणाचे तापमान कमी ठेवतो. त्यामुळे बायोगॅसचे उष्मामूल्य कमी असूनही त्याचा मिथेन क्रमांक १०० च्या वर जातो. 'उत्तम इंधन' या शब्दांचा अर्थ वापरानुसार कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

वॉब निर्देशांकापासून भिन्नता

वायुपुरवठ्यात वॉब निर्देशांक पूर्वीपासून वापरात आहे. उष्मामूल्याला सापेक्ष घनतेच्या वर्गमूळाने भागून तो मिळतो आणि ठरावीक दाबाखाली एकाच छिद्रातून किती उष्णता मिळेल हे दाखवितो. शेगडीच्या बर्नरसाठी तो पुरेसा असतो, इंजिनासाठी नाही. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत वाढलेली मागणी भागविण्यासाठी काही ठिकाणी प्रोपेन व हवा यांचे मिश्रण वाहिनीत सोडतात. त्याचा वॉब निर्देशांक नैसर्गिक वायूशी जुळविलेला असतो, त्यामुळे घरातील शेगडीला फरक जाणवत नाही. परंतु त्याच वाहिनीवरील इंजिनात नॉकिंग सुरू होऊ शकते.

द्रवीभूत नैसर्गिक वायू

द्रवीभूत नैसर्गिक वायू (एलएनजी) टाकीत असतानाही त्याची घडण स्थिर राहत नाही. नायट्रोजन उणे १९६, मिथेन उणे १६२, ईथेन उणे ८९ आणि प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. साहजिकच हलके घटक आधी बाष्परूपाने निघून जातात व उरलेल्या द्रवात जड घटकांचे प्रमाण वाढते. लांबच्या सागरी प्रवासानंतर टाकीतील द्रवाचा मिथेन क्रमांक भरतेवेळच्या तुलनेत कमी झालेला असतो. याउलट निघालेल्या बाष्पाचा क्रमांक उंच असतो, आणि अनेक वाहक जहाजे तेच इंधन म्हणून वापरतात.

हायड्रोजनचे मिश्रण

हायड्रोजनमुळे मिथेन क्रमांक घटतो. पण त्याची ज्वाला मिथेनच्या कित्येक पट वेगाने पसरते. त्यामुळे अतिविरळ मिश्रणही न विझता जळते, ज्वलनाचे तापमान कमी ठेवता येते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी निर्माण होतात. २०२० मध्ये दिल्लीत १८ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीवर बस चालविण्याचा प्रयोग सुरू झाला.

मानके व मर्यादा

२०१५ च्या ईएन १६७२६ या युरोपीय मानकात किमान मिथेन क्रमांक ६५ ठेवण्यात आला. इंजिन उत्पादकांना याहून अधिक मर्यादा हवी होती, कारण कमी क्रमांकासाठी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर कमी ठेवावे लागते व कार्यक्षमता घटते. वायुपुरवठादारांच्या दृष्टीने कडक मर्यादा म्हणजे पुरवठ्याचे काही स्रोत गमावणे होय. त्यातच मिथेन क्रमांक काढण्याच्या अनेक गणनपद्धती प्रचलित असून एकाच वायूसाठी त्यांची उत्तरे जुळत नाहीत. म्हणून क्रमांकासोबत पद्धतीचा उल्लेख आवश्यक ठरतो. आधुनिक इंजिनांत नॉकिंग ओळखणारे संवेदक बसविलेले असतात. निकृष्ट वायू येताच ठिणगीची वेळ मागे घेतली जाते आणि तेवढ्याने न भागल्यास इंजिनाची शक्ती कमी केली जाते.