मूत्रनलिकाजन्य संक्रामण

मूत्राशयात बसविलेल्या नलिकेमुळे (कॅथेटरमुळे) मूत्र तंत्रात होणारे सूक्ष्मजंतूंचे संक्रामण. अष्ठीला ग्रंथीच्या, श्रोणीतील इंद्रियांच्या किंवा अन्य मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशी नलिका काही दिवस ठेवावी लागते. टोकाशी फुगा असलेली व आपोआप निसटून न येणारी फॉली नलिका यासाठी विशेष वापरात आहे.

निरोगी अवस्थेत मूत्राचा प्रवाह मूत्रमार्ग धुवून काढतो. नलिकेमुळे हे नैसर्गिक संरक्षण नाहीसे होते. त्वचेवरील व आतड्यातील जंतू नलिकेच्या बाहेरील पृष्ठावरून, तर पिशवीचा जोड उघडला गेल्यास तिच्या पोकळीतून वर चढतात. दररोज सु. ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रात नव्याने जंतू आढळू लागतात. महिनाभरात ते बहुतेक सर्वांत सापडतात. एश्चेरिकिया कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियस, स्यूडोमोनस व एंटेरोकॉकस हे त्यांतील प्रमुख होत. नलिकेवर ते चिकट थर करून राहतात व या थरात प्रतिजैव पदार्थांचा प्रभाव फारच कमी पडतो. प्रोटियस जंतू यूरियाचे विघटन करून मूत्र क्षारीय करतात. त्यामुळे स्फटिक साचून नलिका तुंबते.

मूत्रात जंतू सापडणे म्हणजे रोग नव्हे. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, रक्तदाब घटणे यांसारखी लक्षणे असून त्यांचे दुसरे कारण आढळत नसेल, तरच चिकित्सा आवश्यक ठरते. केवळ मूत्र गढूळ दिसते म्हणून औषध दिल्यास जंतू तात्पुरते हटतात आणि मागाहून प्रतिरोधी वाण ठाण मांडतात. गर्भिणी आणि श्लेष्मकलेतून रक्तस्राव होण्याचा संभव असलेल्या मूत्र तंत्रावरील शस्त्रक्रिया हे याला अपवाद आहेत.

चिकित्सेत प्रथम नलिका काढतात. तिची गरज असून ती दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर बदलतात व नव्या नलिकेतून मूत्राचा नमुना घेतात. पिशवीत साचलेले मूत्र तपासणीस निरुपयोगी असते. रुग्ण अत्यवस्थ असल्यास संवर्धनाच्या अहवालाची वाट न पाहता शिरेतून औषध सुरू करून ते अहवालानुसार बदलतात. भारतातील रुग्णालयांत सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारे कोलाय जंतू सर्रास आढळत असल्याने मेरोपेनेमासारखी औषधे वापरावी लागतात. त्यांनाही प्रतिरोध करणारे वाण आता आढळतात. जेंटामायसिनाची मात्रा वृक्कांची कार्यक्षमता पाहून ठरवितात. नायट्रोफ्युरँटॉइन ऊतकांत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून वृक्काच्या संक्रामणात ते देत नाहीत. लक्षणे लवकर ओसरल्यास ७ दिवस, अन्यथा १० ते १४ दिवस औषध पुरते.

पुष्कळदा नलिका केवळ शुश्रूषेच्या सोयीसाठी राहून जाते. ती ठेवण्याचे कारण रोज तपासणे, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे व जोड न उघडणे हे प्रतिबंधक उपाय होत.