मुक्या सोबत्यांचे रक्षण

बुलढाणा तालुक्यातील धाड व त्याच्या आसपासचा मुलूख शेतीवर जगतो. कापूस, सोयाबीन, मका, ज्वारी ही येथील पिके. पुष्कळ घरी गाय, बैल, शेळ्या, कोंबड्या आणि राखणीला कुत्रा असतो. या मुक्या सोबत्यांना घरातील व शेतातील विषांपासून जपणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.

ज्वारीचेच उदाहरण घ्या. कोवळ्या ज्वारीत व कापणीनंतर बुडख्यांना फुटलेल्या कोंबांत धुरीन नावाचे द्रव्य असते. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष तयार होते. पाऊस लांबून पीक खुंटले, म्हणजे धोका अधिकच वाढतो. विष भिनले की शरीरातील पेशींना रक्तातील प्राणवायू वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते आणि कित्येकदा थोड्याच वेळात प्राण सोडते. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळीच मिळाल्यास ते वाचू शकते. पीक पक्व होऊन कडबा चांगला वाळला, म्हणजे तीच ज्वारी उत्तम चारा ठरते. म्हणून भुकेले जनावर कोवळ्या ज्वारीत कधीही सोडू नये.

अंगणातील कण्हेर दिसावयास सुंदर. परंतु तिचे पान, फूल, साल, सर्वच विषारी. तिच्या छाटलेल्या फांद्या चाऱ्याजवळ टाकू नयेत. उंदरांसाठी पिठात मिसळलेले झिंक फॉस्फाइड कुत्र्याने खाल्ले, तर जठरातील आम्लामुळे त्यातून विषारी वायू निघतो. औषध चोळलेले बियाणे कोंबड्यांच्या चोचीला लागू देऊ नये. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यातून गुरांना पाणी पाजू नये. स्वयंपाकघरातील कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. माणसाचा ताप उतरविणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

विषबाधेची शंका येताच पशुवैद्यास बोलवावे. त्यास औषधाचा डबा किंवा खाल्लेल्या वनस्पतीची डहाळी दाखवावी, म्हणजे उपचार ठरविणे सोपे जाते. तेल किंवा मिठाचे पाणी बळेच पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन नवेच संकट ओढवते.

विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि काम संपताच सांडलवंड पुसून काढावी. डब्यावरील धोक्याची सूचना जनावरास वाचता येत नाही. ती आपणच त्याच्यासाठी वाचावयाची असते.